विश्लेषण : जिंकणाऱ्याच्याच गाडीत वजन का भरतात? गॉर्डन शेडनची कारकीर्द काय सांगते?

स्कॉटलंडच्या गॉर्डन शेडनने ब्रिटिश टुरिंग कार अजिंक्यपद (बीटीसीसी) तीनदा जिंकले : २०१२, २०१५ आणि २०१६. यातील शेवटची दोन जेतेपदे त्याने अनुक्रमे चार आणि दोन गुणांनी मिळवली. दोन मोसमांतील ६० शर्यती आणि एकूण आघाडी अवघ्या सहा गुणांची. या स्पर्धेत एका शर्यतीत दहावा आलेल्या चालकालाही सहा गुण मिळतात. इतक्या निसटत्या फरकाने निकाल लागावेत अशीच या स्पर्धेची रचना आहे. जो जिंकतो, त्याच्या गाडीचे वजन पुढच्या शर्यतीसाठी वाढवले जाते. यशाला दंड करणारा हा नियम न्याय्य आहे का, त्याची गरज का भासली आणि अशा व्यवस्थेत एखादा चालक तीनदा अजिंक्य कसा ठरतो, याचा हा आढावा.

गॉर्डन शेडन कोण?

शेडनचा जन्म १९७९ मध्ये एडिनबरा येथे झाला. ‘फ्लॅश’ हे त्याचे टोपणनाव. फॉर्म्युला वनमध्ये स्कॉटलंडने जिम क्लार्क, जॅकी स्टुअर्ट, डेव्हिड कुल्थार्ड असे चालक दिले. त्यांच्या तुलनेत शेडनचा मार्ग वेगळा होता. तो छोट्या हॅचबॅक गाड्यांच्या शर्यतींतून पुढे आला. २००६ मध्ये टीम डायनॅमिक्स या संघाकडून त्याने बीटीसीसीत पदार्पण केले, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. पहिले जेतेपद ३३व्या वर्षी आणि तिसरे ३७व्या वर्षी मिळाले. फॉर्म्युला वनच्या मापाने हे वय उताराचे. टुरिंग कारमध्ये मात्र ते ऐन बहराचे मानले जाते.

या स्पर्धेत अजिंक्यपद मिळवणाऱ्या स्कॉटिश चालकांची यादी छोटी आहे. १९६४ मध्ये खुद्द जिम क्लार्कने लोटस कॉर्टिना चालवत ते मिळवले. त्यानंतर १९८९ आणि १९९५ मध्ये जॉन क्लीलंडने. तीन जेतेपदे मिळवणारा शेडन हा पहिला स्कॉटिश चालक. डनफर्मलिनजवळचा नॉकहिल हा स्कॉटलंडमधील शर्यतीचा प्रमुख ट्रॅक त्याचे सासर म्हणावा लागेल, कारण ट्रॅकची मालकी असलेल्या बुचर कुटुंबाचा तो जावई. त्याच कुटुंबातील त्याचा मेहुणा रोरी बुचर हादेखील बीटीसीसीत शर्यती जिंकलेला चालक आहे.

टुरिंग कार शर्यत म्हणजे नेमके काय?

रस्त्यावर धावणाऱ्या, शोरूममध्ये विकत मिळणाऱ्या गाडीच्या सांगाड्यावर तयार केलेल्या शर्यतीच्या गाड्यांची ही स्पर्धा. बाहेरून गाडी होंडा सिव्हिक, टोयोटा कोरोला किंवा बीएमडब्ल्यूची सेदान दिसते. आत मात्र सुरक्षेसाठी लोखंडी पिंजरा, एकच आसन आणि शर्यतीसाठी बांधलेले दोन लिटरचे टर्बो इंजिन असते. १९५८ पासून ही ब्रिटिश मालिका सुरू आहे. शेडनच्या जेतेपदांच्या काळात एका मोसमात दहा शनिवार-रविवार आणि प्रत्येक रविवारी तीन, अशा ३० शर्यती होत असत. एक शर्यत साधारण २० ते २५ मिनिटांची. आयटीव्ही-४ या ब्रिटिश वाहिनीवर रविवारचा सगळा दिवस त्यांचे थेट प्रक्षेपण चाले.

फॉर्म्युला वनमध्ये चाकाला चाक लागले तर गाडी बहुधा बाद होते. टुरिंग कारला बंद मडगार्ड असतात, त्यामुळे धक्काबुक्की चालते. वळणावर एकमेकांना खेटून, बंपर लावून पुढे जाणे हा या शर्यतींचा स्वभाव आहे. प्रेक्षकांना तेच आवडते. आपल्या दारात उभी असते तशीच गाडी तिथे भांडताना दिसते, हे त्यामागचे खरे आकर्षण. आपल्याकडे सिव्हिक २००६ पासून काही वर्षे आणि पुन्हा २०१९ मध्ये विक्रीस होती, ती सेदान रूपात. शेडनने चालवली ती तिची हॅचबॅक भावंडे.

विजेत्यावर वजनाचा भार कशासाठी?

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर गेलेल्यांना ‘हँडिकॅप’ हा शब्द नवा नाही. घोड्याची कामगिरी जितकी चांगली, तितके त्याच्या पाठीवर जास्त वजन. दुबळ्या घोड्यालाही संधी राहावी आणि शर्यत शेवटपर्यंत रंगावी, हा त्यामागचा हेतू. बीटीसीसीत हेच तत्त्व ‘सक्सेस बॅलास्ट’ या नावाने वापरले गेले. गुणतक्त्यात पहिल्या दहांत असलेल्या चालकांच्या गाड्यांमध्ये दिवसाच्या पहिल्या शर्यतीआधी वजनाच्या पट्ट्या बसवल्या जात. अव्वल चालकाला सर्वाधिक, मग उतरत्या क्रमाने इतरांना. दुसऱ्या शर्यतीचे वजन पहिल्या शर्यतीच्या निकालावर ठरे, तिसऱ्याचे दुसरीच्या निकालावर.

काही मोसमांत हे वजन ७५ किलोपर्यंत पोहोचले होते. म्हणजे शेजारच्या आसनावर एक धडधाकट माणूस बसवून शर्यत लढण्यासारखे. सुमारे १३०० किलोच्या गाडीत ही पाच-सहा टक्क्यांची भर. ऐकायला ती किरकोळ वाटते. पण पात्रता फेरीत पहिल्या वीस गाड्यांमधील फरक अनेकदा एका सेकंदाच्या आसपास असतो. तिथे फेरीमागे सेकंदाचे दोन-तीन दशांशही चालकाला पहिल्या रांगेतून सहाव्या रांगेत ढकलू शकतात.

वजन वाढले की नेमके काय बिघडते?

जड गाडी वळणातून बाहेर पडताना उशिरा वेग घेते. तिला थांबायला अधिक अंतर लागते, म्हणून चालकाला ब्रेक लवकर दाबावा लागतो. मागून येणारी हलकी गाडी नेमकी तिथेच आत घुसते. तिसरा परिणाम टायरवर होतो. शेडनची सिव्हिक पुढच्या चाकांवर चालणारी. अशा गाडीत वेग देणे, वळवणे आणि ब्रेकचा बराचसा ताण घेणे ही तिन्ही कामे पुढचे दोन टायर करतात. त्यात वजनाची भर पडली की शर्यतीच्या उत्तरार्धात ते दमतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत हा भार चारही टायरमध्ये अधिक समान वाटला जातो.

त्यामुळे वजन वागवणाऱ्या चालकाला वेगळे गणित मांडावे लागते. आज जिंकण्याचा हट्ट धरायचा की सहावे स्थान पदरात पाडून घ्यायचे? सहाव्याला दहा गुण मिळतात, पहिल्याला वीस. पण जिंकण्याच्या नादात गाडी वाळूत रुतली तर शून्य. शिवाय तिथून पुढच्या शर्यतीची सुरुवात शेवटच्या रांगेतून.

तिसऱ्या शर्यतीची ‘चिठ्ठी’ काय असते?

वजन हा एकच अडथळा नाही. दिवसाच्या पहिल्या शर्यतीचा निकाल हीच दुसरीची सुरुवातीची क्रमवारी. तिसऱ्या शर्यतीसाठी मात्र सोडत काढली जाई. सहा ते दहा यांतील एक आकडा निघे आणि दुसऱ्या शर्यतीतील तितके चालक उलट्या क्रमाने उभे केले जात. आकडा नऊ निघाला तर नवव्या क्रमांकाचा चालक सर्वांत पुढे आणि विजेता नवव्या जागी. म्हणजे दुपारी जिंकलेला चालक संध्याकाळी गर्दीच्या मधोमध असे, तेही सर्वाधिक वजन घेऊन.

यात नशिबाचा भाग मोठा आहे. शुद्ध वेगाचा पुरस्कार करणाऱ्यांना हा खेळ कमी आणि तमाशा जास्त वाटतो. आयोजकांचे म्हणणे असे की प्रेक्षक तिकीट काढून येतो तो ओव्हरटेकिंग पाहायला. सर्वांत वेगवान गाडी सर्वांत पुढे उभी केली की ती निघून जाते आणि उरते ती मिरवणूक. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. या दोहोंच्या कात्रीत ज्याला टिकता येते तो चालक कसा असतो, हे पाहायचे तर २०१५च्या अखेरच्या दिवसाकडे वळावे लागते.

२०१५च्या शेवटच्या शर्यतीत काय घडले?

केंट परगण्यातील ब्रँड्स हॅचच्या ट्रॅकवर मोसमाची सांगता होती. प्रतिस्पर्धी होता जेसन प्लेटो. बीटीसीसीच्या इतिहासात सर्वाधिक शर्यती जिंकलेला, दोनदा अजिंक्य ठरलेला आणि वादांची सवय असलेला चालक. दिवसाची दुसरी शर्यत शेडनसाठी फिसकटली. परिणामी तिसऱ्या आणि अंतिम शर्यतीत त्याला १९व्या जागेवरून सुरुवात करावी लागली. गुणतक्त्यात तो पुढे होता, पण ती आघाडी एका शर्यतीत पुसली जाण्याइतकीच होती. प्लेटोला हवे ते एवढेच : स्वतः जिंकायचे आणि शेडन गर्दीत अडकावा अशी आशा करायची.

प्लेटोने आपले काम चोख केले. तो शर्यत जिंकला. पण शेडन १९व्या जागेवरून चौथ्या क्रमांकावर आला. चौथ्याला १३ गुण. अजिंक्यपदाचा फरक चार गुणांचा. आता हिशेब मांडून पाहा. बाकी सारे तसेच राहून शेडन सातवा आला असता तर त्याला नऊ गुण मिळाले असते आणि दोघांची बरोबरी झाली असती. आठवा आला असता तर वर्षभराची मेहनत वाया गेली असती. गर्दीतून वाट काढताना एखादा धक्का, एखादे चुकलेले वळण, बस्स. मधल्या रांगांत अपघाताची शक्यता सर्वाधिक असते आणि तिथूनच त्याला जायचे होते. वेग आणि सावधपणा एकाच वेळी दाखवण्याची ही परीक्षा होती.

२०१६मध्ये दोन गुणांनी निकाल कसा फिरला?

पुढच्या वर्षी पुन्हा ब्रँड्स हॅच आणि पुन्हा अखेरची शर्यत. या वेळी समोर सॅम टॉर्डॉफ हा बीएमडब्ल्यूचा तरुण चालक. ३० शर्यती संपल्यावर दोघांत दोन गुणांचे अंतर उरले. या स्पर्धेत सर्वांत वेगवान फेरीसाठी एक गुण मिळतो आणि शर्यतीत एखादी फेरी आघाडीवर राहिल्याबद्दल आणखी एक. म्हणजे मोसमभरात केव्हातरी मिळालेल्या अशा दोन सुट्या गुणांइतकेच हे अंतर. एप्रिलमधल्या एखाद्या थंड दुपारी अकराव्याऐवजी नववे स्थान मिळवले, तर त्याचे मोल ऑक्टोबरमध्ये कळते ते असे.

या जेतेपदाला आणखी एक वजन आहे. इटलीच्या फॅब्रिझिओ जोव्हानार्डीने २००७ आणि २००८ अशी सलग दोन जेतेपदे मिळवली होती. त्यानंतर आठ वर्षे कोणालाही अजिंक्यपद राखता आले नव्हते. कॉलिन टर्किंग्टन, प्लेटो, मॅट नील, अँड्र्यू जॉर्डन असे दर्जेदार चालक एकदा जिंकून पुढच्या वर्षी मागे पडले होते. विजेत्याला मागे खेचण्यासाठीच बनवलेल्या व्यवस्थेत सलग दुसऱ्यांदा जिंकणे म्हणूनच अवघड.

मग शेडनचे वेगळेपण कशात?

बीटीसीसीत त्याने जिंकलेल्या शर्यती पन्नासच्या आसपास आहेत. हा आकडा मोठा आहे, पण अजिंक्यपदाचे रहस्य त्यात सापडत नाही. ते वाईट दिवसांच्या हिशेबात आहे. वजन कमाल असताना आठवा येणे, उलट्या क्रमवारीत अडकल्यावर गाडी धड ठेवून पाच-सात गुण खिशात घालणे, हे त्याचे खरे कसब. क्रिकेटच्या भाषेत सांगायचे तर फिरत्या खेळपट्टीवर काढलेल्या चाळीस धावा. धावफलकावर त्या उठून दिसत नाहीत, सामना मात्र त्यावर ठरतो.

दुसरी गोष्ट गाड्यांची. २०१० ते २०१७ या काळात त्याने होंडासाठी वेगवेगळ्या रूपांतली सिव्हिक चालवली. २०१२ मध्ये नव्या नियमांनुसार बांधलेली सिव्हिक पहिल्याच मोसमात त्याने अजिंक्यपदापर्यंत नेली. २०१४ मध्ये होंडाला सिव्हिकची लांब पाठीची ‘टूरर’ ही स्टेशन वॅगन खपवायची होती, म्हणून संघाने चक्क तीच ट्रॅकवर उतरवली. सामान आणि कुत्रा मागे टाकून सहलीला जायची ती गाडी. तिनेही शर्यती जिंकल्या, पण अजिंक्यपद बीएमडब्ल्यू चालवणाऱ्या टर्किंग्टनकडे गेले. २०१५ला सिव्हिक टाइप-आर आली आणि पुढची दोन जेतेपदे तिच्या नावावर लागली.

तिसरी गोष्ट संघातली. त्याचा सहचालक मॅट नील हा स्वतः तीनदा अजिंक्य आणि संघ त्याच्या वडिलांनी उभा केलेला. २०११ मध्ये नील अजिंक्य आणि शेडन उपविजेता होता. पुढच्याच वर्षी शेडनने अजिंक्यपद मिळवले. मालकाच्या मुलाशी एकाच गॅरेजमध्ये बरोबरीने लढायचे आणि घडी विस्कटू द्यायची नाही, हेही कसब लहान नाही.

जागतिक मालिकेत त्याला यश का मिळाले नाही?

२०१८ मध्ये जागतिक टुरिंग कार चषक ही नवी मालिका सुरू झाली. शेडन ब्रिटन सोडून बेल्जियमच्या डब्ल्यूआरटी या संघाकडून ऑडीची गाडी चालवू लागला. मोरोक्कोतील माराकेश, जर्मनीतील नुर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब जुना ट्रॅक, मकाऊचे चिंचोळे रस्ते असा तो संसार. दोन मोसमांत तो जेतेपदाच्या शर्यतीत कधी आलाच नाही.

याची कारणे समजण्यासारखी आहेत. ब्रिटनमधले ट्रॅक त्याला तळहातासारखे ठाऊक होते. नॉकहिलची फेरी ५० सेकंदांच्या आसपास संपते. तिथे चढ-उतार, कठड्यांवरून उडणारी गाडी आणि सतत अंगावर येणारी गर्दी. जागतिक मालिकेत त्याला अनेक ट्रॅक नवे होते आणि प्रतिस्पर्धी तिथे मुरलेले. शिवाय तिथे वजन गाडीच्या प्रत्येक मॉडेलच्या वेगावर लादले जाई. तुमच्या मॉडेलचे गणित आयोजकांच्या तक्त्यात बिनसले की चालकाने कितीही कसब पणाला लावले तरी फार काही बदलत नाही. ब्रिटनमध्ये जे ओझे त्याने स्वतः जिंकून कमावले होते, ते इथे गाडीबरोबरच आले.

हा नियम नसता तर काय झाले असते?

याचे उत्तर इतिहासात आहे. १९९०च्या दशकात बीटीसीसीत दोन लिटरच्या ‘सुपर टुरिंग’ गाड्यांचा जमाना होता. फोर्ड, रेनॉ, व्हॉल्वो, ऑडी, निसान, होंडा अशा कंपन्या उतरल्या. ‘रविवारी जिंका, सोमवारी विका’ हे तेव्हाचे सूत्र. जॉन क्लीलंडने १९९५चे अजिंक्यपद व्हॉक्सहॉल कॅव्हेलियरमध्ये मिळवले ते याच काळात. (१९८९ला त्याने जिंकलेली व्हॉक्सहॉल अ‍ॅस्ट्रा ही मूळची ओपेल कॅडेट. तिच्याच सांगाड्यावरची देवू सिएलो पुढे भारतीय रस्त्यांवर धावली.) पण शर्यत जसजशी चुरशीची झाली, तसतसा खर्च वाढला. कंपन्या एकेक करून बाहेर पडल्या. २००० सालच्या मोसमात फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल या तीनच उरल्या आणि पुढच्या वर्षी आयोजकांना नियम मुळापासून बदलावे लागले.

त्या पडझडीचा धडा दुहेरी होता. पैसे ओतून वेग विकत घेता येत असेल, तर छोटे संघ संपतात. छोटे संघ संपले की मोठ्यांना हरवायला कोणी उरत नाही आणि मग मोठेही जातात. म्हणून २०११ पासून नवी पद्धत आली. गाडीचे अनेक महत्त्वाचे सुटे भाग सर्वांसाठी एकाच पुरवठादाराचे. स्वतःचे इंजिन बनवणे परवडत नसेल तर आयोजकांनी उपलब्ध केलेले इंजिन भाड्याने घ्यायचे. त्यावर वजनाचा नियम. २०१३ मध्ये अँड्र्यू जॉर्डन या खासगी संघाच्या चालकाने सिव्हिकमध्येच होंडाच्या अधिकृत संघाला, म्हणजे शेडन आणि नीलला, मागे टाकून अजिंक्यपद नेले. व्यवस्था हेतूप्रमाणे चालल्याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही. शेडनला मात्र तो महागात पडला.

गाडीबाहेरचे ओझे कोणते?

नियमांनी गाड्यांची बरोबरी साधता येते, तिजोऱ्यांची नाही. शेडनच्या कारकीर्दीतले मोठे चढ-उतार वेगापेक्षा पैशांच्या गणिताने ठरले. २००८ नंतर संघाचा मुख्य प्रायोजक गेला आणि २००९ला त्याला पूर्ण मोसमाची जागा मिळाली नाही. २०१०ला होंडा अधिकृतपणे परतली आणि त्याचा सुवर्णकाळ सुरू झाला.

तो काळ ज्या कारखान्याशी बांधलेला होता, तो इंग्लंडमधल्या स्विंडनचा. तिथे १९९२ पासून होंडाच्या मोटारी तयार होत होत्या. शेडनने ज्यांच्या शर्यती-आवृत्त्या चालवल्या त्या सिव्हिक, टूरर आणि टाइप-आर गाड्या तिथेच बनत. ब्रिटनमध्ये बनलेली गाडी ब्रिटनच्या ट्रॅकवर जिंकते, या जाहिरातीला अर्थ होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये होंडाने हा कारखाना बंद करण्याची घोषणा केली. जुलै २०२१ मध्ये तो बंद झाला. सुमारे साडेतीन हजार कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीने कारण दिले ते विजेवरच्या गाड्यांकडे वळणाऱ्या जागतिक बाजारपेठेचे.

शेडन २०२१ला बीटीसीसीत परतला तेव्हा संघ तोच होता, गाडीही सिव्हिक टाइप-आरच. पण कंपनीचा अधिकृत सहभाग संपला होता. त्याने शर्यती जिंकल्या, अजिंक्यपदाच्या जवळ मात्र जाता आले नाही. २०२३च्या मोसमाआधी टीम डायनॅमिक्सनेच माघार घेतली. तीन दशके टिकलेला संघ थांबला आणि तीनदा अजिंक्य ठरलेल्या चालकाची जागाही त्याबरोबर गेली. टुरिंग कारमध्ये अनेक चालकांना आपले प्रायोजक स्वतः जमवून आणावे लागतात. तिथे तीन करंडक दाखवून जागा मिळतेच असे नाही.

वजनाचा नियम आता कुठे आहे?

२०२२ मध्ये बीटीसीसीने वजनाच्या पट्ट्या काढून टाकल्या आणि हायब्रिड यंत्रणा आणली. विजेची जादा ताकद फेरीमागे जास्तीत जास्त १५ सेकंद वापरता येई. गुणतक्त्यात पुढे असलेल्यांना ती कमी, मागच्यांना जास्त. म्हणजे पाठीवर ओझे देण्याऐवजी इतरांना वर चढायला हात दिला, तत्त्व तेच. शेडन तो एक मोसम चालवून गेला. वजनदार आणि खर्चिक ठरलेली ही यंत्रणा २०२४ अखेरीस वगळली गेली. २०२५ पासून टर्बोची ताकद कमी-जास्त करून हीच समतोलाची कसरत सुरू आहे.

साधन बदलले तरी प्रश्न उरतोच. सर्वोत्तमाला रोखणारी स्पर्धा सर्वोत्तम चालक शोधू शकते का? आकडे पाहिले तर उत्तर बरेचसे होकारार्थी येते. इतक्या अडथळ्यांनंतरही टर्किंग्टनने चार आणि अ‍ॅश सटनने चार अजिंक्यपदे मिळवली. म्हणजे व्यवस्था विजेत्याला थकवते, पण चांगला चालक बुडत नाही. ती फक्त त्याच्याकडून वेगळ्या गुणांची मागणी करते : संयम, हिशेब आणि पडत्या दिवशी सावरण्याची ताकद. शेडनकडे हे गुण होते म्हणून तो सहा गुणांच्या जोरावर दोन मोसम जिंकला.

नियमांच्या हाती जे नाही ते मात्र तसेच राहते. कारखाना बंद होणे, प्रायोजक जाणे, संघ थांबणे यांवर कोणतीही सोडत वा वजनाची पट्टी उपाय करू शकत नाही. ७५ किलोचे ओझे शेडनने वर्षानुवर्षे वागवले, कारण ते मोजता येत होते आणि पुढच्या रविवारी कमी होण्याची शक्यता तरी असे. मोटार उद्योग विजेकडे वळत असताना टुरिंग कार शर्यतींपुढे आणि त्यावर पोट असलेल्या चालकांपुढे जे ओझे उभे आहे, त्याचा तक्ता अजून कोणी तयार केलेला नाही.